फोटोतल्या माणसाची संमती

पडद्यावर खालून वर सरकत येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गर्दीत एकदम माझे वडील दिसले आणि मी आधी काय केलं असेल तर लायसन्स वाचलं. सवय, दुसरं काय. चित्र दिसलं की माझी नजर चित्राआधी बाजूच्या बारीक अक्षरांवर जाते. वापर मोफत. जाहिरातीसाठी चालेल. कापाकापी केली तरी चालेल. श्रेय दिलंत तर आभारी, नाही दिलंत तरी हरकत नाही. इतकं स्वच्छ लायसन्स कित्येक दिवसांत हाती लागलं नव्हतं, त्यामुळे क्षणभर मला आनंदच झाला. मग मी पुन्हा वर पाहिलं, आणि ते वडीलच होते. तळ्याकाठचा हिरवा बाक, तपकिरी स्वेटर, मांडीवर कापडी पिशवी आणि ती उडून जाईल असे तिच्यावर दाबून धरलेले दोन्ही हात. मान थोडी डावीकडे. मागून ऊन आल्यामुळे कानांच्या पाळ्या लालबुंद दिसत होत्या. हे कान आमच्या घराण्याचे आहेत. ते मला आहेत, भावाला आहेत, आणि शाळेत त्यांच्यावरून जे ऐकून घेतलं ते अजून पाठ आहे, तेव्हा चुकण्याचा प्रश्नच नव्हता. शोधायच्या चौकटीत मी टाकलेले शब्द तसेच होते: एकटा, म्हातारा, बाक, संध्याकाळ. फोटोखाली त्या साइटने आपल्या अकलेने आणखी शब्द चिकटवले होते. उदास. एकाकी. सोडून दिलेला. मला पहिला राग आला तो या शेवटच्या शब्दाचा. कोणी सोडून दिलं? दर रविवारी मी जाते, नळाला गळती लागली तर मी माणूस शोधते, दाताच्या डॉक्टरकडे मी नेते. पण साइटला हे कोण सांगणार, आणि सांगायचं म्हटलं तर तिथे कोणाशी बोलायचं हेही लिहिलेलं नसतं.

आम्ही दुसऱ्यांचे ब्लॉग लिहितो. गाद्या बनवणारे, दात बसवणारे, घरसामान हलवणारे, आणि गेल्या वर्षापासून वृद्धांना ठेवून घेणारं एक केंद्र. लेख लिहायला मला काही वाटत नाही. गादी कशी निवडावी यावर मी झोपेतसुद्धा लिहीन. पण लेखाला चित्र लागतं, आणि चित्र म्हटलं की माझं कपाळ दुखायला लागतं. ऑफिसातल्या पोरापोरींना वाटतं नेटवर दिसतंय म्हणजे ते आपलंच आहे, रस्त्यावर पडलेल्या पानासारखं उचलावं आणि लावावं. मी सांगून सांगून थकले. बाबांनो, फोटो कोणीतरी काढलेला असतो. तो फुकट आहे की विकत आहे, फुकट असेल तर धंद्याला चालतो की नुसता घरगुती, नाव द्यायचं आहे का, दिलं तर कुठे, हे सगळं पाहायचं असतं. आणि एवढं पाहून जे पदरात पडतं ते काय, तर फोडी केलेल्या काकडीकडे बघून खदाखदा हसणारी बाई. हाताची घडी घालून उभे असलेले डॉक्टर. एकमेकांच्या हातावर हात ठेवलेले सात हात. कोणत्या लेखाला काकडीवर हसणारी बाई लागते हे मला आजवर कळलेलं नाही. बरा फोटो मिळालाच तर त्यातल्या माणसाच्या बनियनवर एखाद्या कंपनीचं चिन्ह असतं, नाहीतर मागच्या भिंतीवर कुणा चित्रकाराचं चित्र असतं, म्हणजे पुन्हा त्याचा हक्क वेगळा. ऑफिसात मला सगळे परवाना म्हणतात. ‘परवानाला दाखवलंस का?’ ‘परवाना नाही म्हणाली.’ मला ते चालतं. पण माझा सगळ्यात लाडका नियम या सगळ्याच्या पुढचा आहे, आणि तो मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवते: फोटो काढणाऱ्याने परवानगी दिली म्हणजे फोटोतल्या माणसाने दिली असं होत नाही. चेहरा ओळखू येत असेल आणि काही विकायचं असेल, तर त्या माणसाची सही पाहिजे. माणूस काही भिंत नाही.

हे सगळं मनात घोळवत मी पडद्याकडे बघत बसले असताना मागे आत्ताच येऊन उभा राहिला. आत्ताच म्हणजे आमचा साहेब. वयाने माझ्याहून बराच लहान, बुद्धीने बरा, पण त्याला प्रत्येक गोष्ट आत्ताच हवी असते, म्हणून सगळे त्याला आत्ताच म्हणतात. तो माझ्या खांद्यावरून वाकला आणि त्याच्या तोंडाला येणारा पुदिन्याच्या गोळीचा वास माझ्या कानापर्यंत आला.

“वा! मॅडम, हाच. हाच लावा. काय चेहरा आहे! सगळं आलं त्यात.”

“काय आलं?” मी विचारलं.

“एकटेपणा. वाट बघणं. आपल्या लेखाचं नावच आहे ना, वडील एकटे पडलेत हे कसं ओळखाल? बघितल्या बघितल्या ओळखता येतंय.”

“हा लावता येणार नाही.”

“लायसन्स?”

“लायसन्स ठीक आहे,” मी म्हणाले. खोटं बोलता आलं असतं. लायसन्सच्या बाबतीत माझ्या शब्दावर कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. पण त्याच बाबतीत मला खोटं बोलता येत नाही, ही माझ्या स्वभावाची गंमत आहे किंवा खोड आहे. “फोटोतल्या माणसाची संमती नाही. चेहरा स्पष्ट आहे, आणि केंद्राची ही जाहिरातच आहे म्हटलं तरी चालेल.”

“कोण आहे तो माणूस, काही पत्ता?”

“माझे वडील आहेत,” मी वैतागून म्हणाले.

मला वाटलं तो ओशाळेल. निदान एक पाऊल मागे तरी घेईल. त्याचा चेहरा उजळला. “अहो मग प्रश्नच मिटला! संध्याकाळी जाऊन सही घेऊन या. केंद्राच्या बाई मागे लागल्यात, त्यांना उद्या सकाळी लेख हवाय. बरं झालं बघा, दुसरा कोणी असता तर शोधत बसलो असतो.” आणि तो गेला, आणि जाता जाता समोरच्या टेबलावरच्या मुलीला म्हणाला की परवानाच्या घरचाच माणूस निघाला. हात दाखवून अवलक्षण ते हे. माझाच नियम, मीच घोकवलेला, आणि आता तो माझ्याच गळ्यात.

जिन्यात जाऊन मी भावाला फोन लावला. फोटोखाली त्याचंच टोपणनाव होतं. तो दुसऱ्या शहरात असतो, नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात फोटो काढतो. आमच्याकडे आला की माणसांशी बोलण्याऐवजी खिडकीतून येणाऱ्या उजेडाशी बोलतो.

“अगं ताई, तो फोटो!” तो खूश झाला. “माझा सगळ्यात जास्त डाऊनलोड झालेला फोटो आहे तो. तुला सांगायचंच होतं.”

“बाबांना सांगितलंस?”

“बाबांना काय सांगायचं त्यात? मी काढला, मी टाकला. नाव तर कुठे दिलंय त्यांचं?”

“काढून टाक.”

“काढला तरी काय होणार? ज्यांनी घेतला त्यांनी घेतला. ते लायसन्सच तसं असतं, एकदा दिलं की परत घेता येत नाही. तुला तर माहीतच आहे, तुझं कामच ते.” मला माहीत होतं, आणि म्हणूनच माझा जास्त संताप झाला. मग त्याच्याकडे कुठेतरी कुकर की कसली तरी शिट्टी झाली, आणि तो म्हणाला, “ताई, ते केंद्र कसं आहे गं? तुम्ही लिहिता त्यांचं ते. नाही, सहज विचारतोय.”

“सहज विचारू नकोस,” मी म्हणाले आणि फोन ठेवला. जिन्याचा कठडा थंड होता आणि मी तो घट्ट धरून उभी होते. केंद्र कसं आहे हे मला चांगलं माहीत होतं. लेख लिहायचा म्हणून मी तिथे जाऊन आले होते. स्वच्छ होतं, पोटात ढवळून येईल असा वास कुठेच नव्हता, आणि पूर्वेकडच्या एका रिकाम्या खोलीत उभी असताना मी नकळत बाबांची कॉट भिंतीच्या कोणत्या बाजूला बसेल ते डोळ्यांनी मापलं होतं. नंतर मी ते मनातून झटकून टाकलं होतं. झटकलेली गोष्ट भावाच्या तोंडून अशी सहज येऊन समोर उभी राहावी याची मला चीड आली, आणि त्याने ती बोलून दाखवावी याची जास्त.

तो फोटो काढला त्या दिवशी मीही तिथे होते. तळ्यावर फिरायला गेलो होतो. भावाने बाबांना बाकावर बसवलं, मग उजेड चुकला म्हणून उठवलं, पलीकडच्या बाकावर बसवलं, मग तिथे मागे कचरापेटी येते म्हणून परत पहिल्या बाकावर. “बाबा, हलू नका. तिकडे बघा. पिशवी राहू दे, पिशवी छान वाटतेय.” बाबा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत तिकडे बघत बसले. तो चेहरा एकाकी नाही, तो वैतागलेला आहे. हे मला छातीठोकपणे सांगता येतं, कारण तोच चेहरा माझाही आहे, आणि मी तो रोज लिफ्टच्या आरशात बघते. चित्रातला माणूस वाट बघत नव्हता, केव्हा एकदा हे संपतंय आणि चहा मिळतोय एवढंच त्याच्या मनात होतं. पण वैतागलेला म्हातारा कोणी शोधत नाही. निदान मी तरी नव्हता शोधला. मी शोधला एकटा म्हातारा, आणि काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसा अख्ख्या जगाला वळसा घालून घरचाच सापडला.

जागेवर परत येऊन मी तो फोटो आणखी कुठे कुठे वापरलाय ते शोधलं. शोधायला नको होतं. बाबा गुडघेदुखीवर होते. बाबा बहिरेपणावर होते, कानांवर लाल गोल काढलेले. साठीनंतरचा घटस्फोट या विषयावर होते, आणि माझी आई जाईपर्यंत त्या दोघांनी एकमेकांना एक दिवस सोडलं नव्हतं. मृत्युपत्र का करावं, बद्धकोष्ठ कशाने होतं, पेन्शन अडकली तर कुठे जावं, सगळीकडे तो स्वेटर आणि ती पिशवी. एका ठिकाणी त्यांना उलटं केलं होतं, म्हणजे मान उजवीकडे, कारण मजकूर डावीकडे बसवायचा असणार. एका ठिकाणी त्यांचा रंग काढून टाकला होता. कुठेही चूक नव्हती. प्रत्येकाने नियम पाळला होता, दोघांतिघांनी तर भावाचं नावही प्रामाणिकपणे खाली दिलं होतं. भांडायचं तर कोणाशी भांडायचं? आयुष्यभर मी लोकांना हेच शिकवत आले, की कायद्याने वागा म्हणजे कोणाला काही त्रास होत नाही.

संध्याकाळी बसने बाबांकडे गेले. पिशवीत छापलेला लेख होता, कारण लेख दाखवल्याशिवाय संमती घ्यायची नाही असंही मीच ठरवून ठेवलंय. माणसाला कळलं पाहिजे की आपला चेहरा कशाशेजारी लागणार आहे. आणि संमतीपत्र होतं, वर ठळक अक्षरांत केंद्राचं नाव असलेलं. बसमध्ये मी मनाशी ठरवलं होतं की बाबा नाही म्हणतील. ते नाही म्हणणारेच गृहस्थ आहेत. नोकरीत असताना ते वजनमापं तपासायचे. बाजारात त्यांना बघून दुकानदार तराजू पुसायला लागत. घरी आलेल्या किलोभर साखरेवरही त्यांचा विश्वास नसे. ते नाही म्हणतील, मी आत्ताचला सांगेन की माणसाने नकार दिला, आणि काकडीवर हसणाऱ्या बाईसारखा कुणीतरी परका म्हातारा लावून मोकळी होईन. एवढंच मला हवं होतं. त्यांनी एक नाही म्हणावं.

दार त्यांनी उघडलं आणि आधी माझ्यामागे पाहिलं. “आज कशी काय? रविवार नाही.”

“कामाने आले, बाबा. एक सही हवी होती.”

“काय झालं?”

“काही झालं नाही. बसा तरी.”

ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. मी स्टुलावर बसले आणि सगळं नीट सांगितलं. भावाने फोटो काढला, तो साइटवर टाकला, आमच्या साहेबाला आवडला, केंद्राच्या ब्लॉगवर लावायचाय. मी फोनवर फोटो दाखवला. त्यांनी तो हातभर लांब धरून पाहिला.

“हा त्या दिवशीचा. चार वेळा उठवलं लेकाच्यानं,” ते म्हणाले. मला इतकं बरं वाटलं की मी हसले. “चांगला आलाय की. मग?”

“मग हे त्याच्याबरोबर येणारं. वाचा, आणि नको असेल तर सरळ नाही म्हणा. मला अजिबात वाईट वाटणार नाही.”

त्यांनी चष्मा बदलला आणि ओळीखाली बोट धरून वाचायला सुरुवात केली. बोट एकेका लक्षणावर थांबत होतं. “तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणं. बरं. कोणी घरी नसताना टीव्ही चालू ठेवणं. टीव्ही बंद पडलाय माझा, त्यामुळे हे नाही.” मी पुन्हा हसले, ते नाही हसले. “ताट न घेता पातेल्यातूनच जेवणं.” बोट तिथेच राहिलं. “हे कुठे पाहिलंस तू?”

“कुठे नाही. असंच लिहिलंय. सगळ्यांचं असतं.”

“काही हवंय का विचारल्यावर दर वेळी मला काही नको म्हणणं. फोन आला नाही तरी तो हाताशी घेऊन बसणं. मुलं निघाली की त्यांना दारात काहीतरी आठवून थांबवणं.” ते वाचत होते आणि माझ्या कानांच्या पाळ्या तापत होत्या. मी तो लेख एका दुपारी एका बैठकीत लिहिला होता, कुठलंही पुस्तक न उघडता, आणि इतका भराभर कसा सुचतोय याचं मला त्या दिवशी कौतुक वाटलं होतं. माहिती कुठून आली हे मी प्रत्येकाला विचारते. स्वतःला विचारलं नव्हतं. बोट शेवटच्या ओळीवर आलं. तिथे लिहिलं होतं, ही लक्षणं दिसत असतील तर वेळ घालवू नका, आमच्याशी बोला. खाली केंद्राचा फोन नंबर.

बाबांनी कागद उलटा करून पाहिला, मागे काही नव्हतं. मग संमतीपत्र घेतलं. वरचं केंद्राचं नाव वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि तो चेहरा वैतागलेला नव्हता.

“एवढं नमनाला घडाभर तेल कशाला?” ते म्हणाले. “सरळ विचारायचं.”

“सरळच विचारतेय. फोटो लावू की नको?”

“फोटो.” त्यांनी मान हलवली. “परवा त्याचाही फोन आला होता. बाबा, जिना चढताना दम लागतो का, विचारत होता. तो कधी विचारत नाही असलं. म्हटलं, काहीतरी शिजतंय दोघांचं.”

“बाबा, काही शिजत नाहीये! त्याचं मला माहीत नाही. मी फक्त फोटोचं विचारायला आलेय. हा नियम आहे. फोटोतल्या माणसाची परवानगी लागते, ती सुद्धा मीच लावलेली अट आहे, नाहीतर कोणी विचारायलासुद्धा आलं नसतं. जग वापरतंय तुमचा फोटो, कोणी आलं विचारायला?” माझा आवाज चढला होता. मी त्यांना लायसन्स म्हणजे काय ते सांगितलं, फुकट आणि विकत यांतला फरक सांगितला, चेहरा ओळखू येण्याचा मुद्दा सांगितला, सगळं खरं, शब्दन् शब्द खरा. आणि जसजशी मी सांगत गेले तसतसं ते मलाच बनवून सांगितल्यासारखं ऐकू यायला लागलं. बाबा शांतपणे ऐकत होते. दुकानदार वजन कमी का भरलं ते समजावून सांगायचे तेव्हा ते असेच ऐकून घेत असणार.

“बरं,” ते म्हणाले. “ओरडू नकोस. फोटोचंच आहे. पेन दे.”

“सही करू नका. नाही म्हणा. मी त्यांना सांगते की नाही म्हणाले.”

“नाही कशाला म्हणू? तुम्ही काय वाईट करणार आहात का माझं?”

त्यांनी खिशातलं स्वतःचं पेन काढलं, कागद मांडीवर सारखा केला आणि सही केली, सावकाश, सगळी अक्षरं लागतील अशी. टोपण लावलं. कागद माझ्याकडे दिला. मला तो फाडून टाकायचा होता, आणि फाडला तर ते काय समजतील हेही कळत होतं, म्हणून मी तो धरून बसले. बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. बाबांनी खुर्चीच्या हातावरून एकदा तळवा फिरवला आणि दुसरीकडेच बघत विचारलं, “तिथे आपली खुर्ची नेऊ देतात का?”

केंद्राच्या वेबसाइटवरची सगळी प्रश्नोत्तरं मी लिहिली आहेत. एकेक उत्तर फोन करून, पुन्हा विचारून, खात्री करून लिहिलेलं आहे, आणि कोणी विचारलं तर ते माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडतं.

“देतात,” मी म्हणाले. “एक.”